मोडी अपडेट : तो दासिव अखेर सापडला!!

मंडळी, मागच्या वेळी रडगाणं गायलं होतं ना, की पणजोबांच्या रुमालातल्या (म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातल्या) मोडी लिपीतल्या कर्जाच्या कागदाच्या सातव्या ओळीत अडकलेय म्हणून, तर काल रात्री पावणेबाराला ती ओळ सुटली, आणि मी एवढ्या जोरात ओरडले की नवरा उठून बसला.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, ओळ अशी दिसत होती : मुद्दल २० पैकीपावले ७॥ बाकीसदासिवयाजकडे १२॥. मोडीत सगळं सलग, आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, शब्द कुठे तुटतो ते आपलं आपण बघा. पावले म्हणजे मिळाले, याजकडे म्हणजे यांच्याकडे, तर मी वाचत होते ‘बाकीस दासिव याजकडे’. आता हा दासिव कोण? तीन आठवडे गावातल्या म्हाताऱ्यांना फोन करून दासिव आडनाव शोधतेय! वर हिशोबही जुळेना, वीसातून सात गेले तर तेरा, कागदात बारा. पणजोबांना वजाबाकी येत नव्हती असा निष्कर्ष काढून मोकळी झाले होते मी.

आपल्या पाच जणांच्या ग्रुपवर रोज सकाळी ‘आज काय?’ टाकायचं ठरलंय ना, तिथे काल लिहिलं, ‘आज कागद गुंडाळून कपाटात, फक्त मेथी निवडणार’. त्यावर सोलापूरच्या ताईंचं उत्तर, निवड ग, पण निवडताना ओळ मोठ्याने म्हणत राहा, डोळ्यांनी नको वाचू. न्यू जर्सीवाल्या दादाचा प्लॅन बर्फ उपसायचा होता, तो फावडं टाकून फोटो झूम करत बसला (वहिनी, सॉरी हं). आणि आमचे रिटायर्ड बँकवाले काका एवढंच म्हणाले, ‘अगं बाई, आकड्यापुढच्या दोन काठ्या म्हणजे अर्धा.’

झालं! एक काठी पाव, दोन अर्धा, तीन पाऊण, हे मला पाठ होतं हो, पण त्याच दोन काठ्या अक्षरापुढे आल्या की शब्द तोडून लिहिलाय अशी खूण असते, रा॥ जि॥ वगैरे, म्हणून मी आकड्यापुढेही तशीच काहीतरी खूण समजून सोडून देत होते. वीसातून साडेसात, राहिले साडेबारा. पणजोबा, माफी असावी. आणि मग मेथी निवडता निवडता चारदा म्हटल्यावर कानालाच कळलं, बाकी... सदासिव याजकडे! आपला सदाशिव हो, श चा स केलाय. कागदावर वरती सन १३०३ फसली (म्हणजे जुनं महसुली साल) आहे, ५९० मिळवले की १८९३, म्हणजे पणजोबा तेव्हा ऐन तिशीत.

हत्यारांबद्दल दोन शब्द. ऑनलाइन मागवलेले बोरू (मोडी लिहायच्या वेताच्या लेखण्या) टोकाला चिरलेलेच आले, सहापैकी दोन कामाचे, त्यापेक्षा ब्लेडने घरी तासलेला बरा लिहितो. स्कॅनचं ॲप काढून टाका, फिकट शाई पार गिळून टाकतं, खिडकीशी तिरप्या उजेडात साधा फोटो घ्या. आणि कॉम्प्युटरच्या मोडी फाँटवर सराव करून हाताचा कागद वाचता येईल ही आशा सोडा, मी दोन महिने घालवलेत त्यात.

पुढच्या महिन्यात शिवकालीन पत्रं सुरू करणार होते, पण आता लिहिता लिहिताच वाटतंय की नको, आधी हाच रुमाल संपवू, अजून चौदा कागद आहेत. किंवा असं करूया का, रविवारी एकच फोटो टाकते, पाचही जणांनी एकमेकांचं न बघता वाचायचं आणि रात्री नऊला एकदम टाकायचं? काका, तुम्ही आकडे आधी फोडायचे नाहीत हं.

आजचा प्लॅन : आठव्या ओळीत ‘जामीन’ की ‘जमीन’ ते बघणे, कानामात्रा पुसट आहे. आणि उरलेल्या मेथीचे ठेपले.