रानडुक्कर, शिंग आणि हार्प: नेकारकाठी सुट्टीचा एक दिवस

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार, जर्मनीत सगळीकडे सुट्टी. १९९० साली दोन जर्मन्या एक झाल्या तो दिवस. आणि इथली सुट्टी म्हणजे खरोखरची सुट्टी हो, दुकानं बंद, सुपरमार्केट बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दादा वालडॉर्फला असतो, आयटीत. मी तीन आठवडे त्यांच्याकडे गेलेले आणि पहिले दहा दिवस दादा-वहिनी ऑफिसात, मी एकटी भटकतेय असं चाललेलं. त्या दिवशी मात्र सगळे घरी, तर म्हटलं चला आता माझ्यासोबत. दादा म्हणाला कुठे? म्हटलं गावांच्या ढाली बघायला. त्याने वहिनीकडे असं बघितलं की हिला जेटलॅग अजून उतरला नाही वाटतं.

आता हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगते. जर्मनीत कुठल्याही टीचभर गावात जा, तिथे गावाचं स्वतःचं एक चिन्ह असतं, ढालीच्या आकारात, लाल-पिवळं-निळं-काळं. रिकाम्या बसस्टॉपवर, फायर ब्रिगेडच्या गाडीच्या दारावर, फुटबॉल क्लबच्या टीशर्टवर, नगरपालिकेच्या पत्रावर, आणि अर्थात झेंड्यावर. गाव म्हणजे कायद्याने ज्याला नगरपालिका किंवा ग्रामपंचायत म्हणता येईल ते, अशी देशभर १०,७०० च्या वर आहेत, आणि जवळपास प्रत्येकाची ढाल वेगळी. याला म्हणतात वापन. मी पहिल्या आठवड्यात एका बाईंना माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं की तुमच्या गावाचं वाफन कुठे बघायला मिळेल, आणि त्या जरा मागेच सरकल्या. घरी आल्यावर आठ वर्षांच्या भाच्याने हसून हसून लोळण घेतली, "आत्या, वाफन म्हणजे शस्त्रं!" म्हणजे मी विचारत होते तुमच्या गावातली हत्यारं कुठे ठेवलीत. पुढे कळलं की दोन्ही शब्द मुळात एकच, ढाल हे हत्यारच की. पण त्या बाईंना हे कोण सांगणार.

तर निघालो. वहिनीने दसऱ्याच्या उरलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी डब्यात भरली (हा निर्णय किती थोर होता ते पुढे कळेल), वीसलोख-वालडॉर्फ स्टेशनवरून हायडेलबर्ग, तिथे गाडी बदलून एस-बान, म्हणजे इथली लोकल, नेकार नदीच्या कडेकडेने. उजव्या-डाव्या बाजूला डोंगर, मधे नदी, आणि दर दहा मिनिटांनी एक किल्ला. हायडेलबर्गचं नाव मराठी वाचकाला नवीन नाही, खंडोबा आणि धनगरांचा पिच्छा पुरवत महाराष्ट्रभर पायी हिंडलेले ग्युंथर सोंथायमर इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकवायचे. माझ्या ढालींच्या वेडाची सुरुवातही त्याच युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत झाली. तिथे मानेसे कोडेक्स म्हणून एक हस्तलिखित आहे, १३०० ते १३४० च्या दरम्यान झुरिचमध्ये तयार झालेलं, त्यात जुन्या जर्मन प्रेमकवींच्या कविता आणि १३७ पानभर चित्रं. मूळ पोथी कुलुपात, मी पाहिली ती हुबेहूब प्रत. प्रत्येक कवीच्या चित्रात बहुधा त्याची ढाल आणि शिरस्त्राण. म्हणजे चेहरे सगळे सारखेच गोंडस, कोण कुठला ते ढालीवरून ओळखायचं. त्यातला एक होता ब्लिगर फॉन श्टायनाख, आणि त्याच्या ढालीवर चक्क हार्प. मला वाटलं कवी आहे म्हणून वाद्य. मग नकाशात बघते तर श्टायनाख म्हणजे नेकारश्टायनाख, गाडीने पंचवीस-तीस मिनिटं. मग काय.

नेकारश्टायनाखला उतरलो तर वर डोंगरावर एका रांगेत चार किल्ले, चारही त्याच खानदानाच्या वेगवेगळ्या शाखांनी बांधलेले, त्यातला एक तर कड्याला असा चिकटलाय की त्याला लोक पाकोळीचं घरटंच म्हणतात. आणि हार्प जिथे तिथे! सोनेरी ढालीवर काळी हार्प. हे घराणं पुढे लांडशाड या नावाने ओळखलं जायला लागलं, ज्याचा अर्थ होतो मुलखाचा उपद्रव. गाणाऱ्या माणसाच्या वंशजांना असं नाव पडावं म्हणजे काय काय धंदे केले असतील बघा. दादा म्हणाला, "म्हणजे आधी गाणी, मग दरोडे." मी म्हटलं उलटंही असेल.

रातहाउसवर, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीवर, त्या दिवशी झेंडे चढवलेले. यासाठीच तर सुट्टीचा दिवस साधला होता. देशाचा काळा-लाल-सोनेरी आणि शेजारी लाल-पांढरा, तो हेसन राज्याचा, कारण नेकारश्टायनाख हे हेसनचं दक्षिणेकडचं अगदी शेवटचं गाव, बाकी आजूबाजूला सगळं बाडन-व्युर्टेम्बर्ग. इथले गावांचे झेंडे आपल्यासारखे आडवे फडकणारे कमी, बरेचसे उभे, लांबलचक, वरून खाली सोडलेले, तोरणाच्या पट्टीसारखे. रंग ढालीतून घ्यायचे, दोन किंवा तीन पट्टे, आणि मधे ढाल. वारा नसला तरी चिन्ह वाचता येतं हा त्याचा फायदा.

रंगांचा नियम भाच्याने समजावला. शाळेत त्यांना प्रत्येकाला स्वतःची ढाल काढायला लावली होती, याने वाघ काढलेला आणि बाईंनी तो नापास केला होता, कारण लाल ढालीवर निळा वाघ. तसं चालत नाही. सोनेरी आणि चंदेरी हे "धातू", आणि लाल, निळा, काळा, हिरवा हे "रंग", रंगावर रंग ठेवायचा नाही, धातूवर धातू ठेवायचा नाही. एकदा नियम कळला की त्याचं कारणही लगेच दिसतं, लांबून, धुळीत, घोड्यावरून बघणाऱ्याला ओळखता यायला हवं. झेंड्यात सोनेरीचा पिवळा होतो आणि चंदेरीचा पांढरा, पण बोलताना पांढरा म्हटलं की भाचेबुवा लगेच "आत्या, सिल्व्हर!" आणि अजून एक गोची, डावं-उजवं उलटं. ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजायचं, बघणाऱ्याच्या नाही. दोन वेळा या मुलाकडून बोलणी खाल्ली मी.

तिथून पुढे गाडीने हिर्शहॉर्न. हिर्श म्हणजे हरीण, हॉर्न म्हणजे शिंग. मग इथल्या सरदारांच्या ढालीवर काय असणार? सोनेरीवर हरणाचं लाल शिंग. संपलं. याला जर्मनमध्ये "बोलकी" ढाल म्हणतात, आणि मला हा प्रकार प्रचंड आवडला. ज्या काळात कुणाला वाचता येत नव्हतं तेव्हा गावाचं किंवा घराण्याचं नावच चित्रात काढून टाकायचं, बघणारा चित्राचं नाव घेतो आणि गावाचं नाव आपोआप तोंडून निघतं. ओक्सनफुर्ट म्हणजे बैलाचा उतार, ढालीवर बैल. म्युनिक म्हणजे मंक, ढालीवर भिक्षू. आपल्याकडे हे केलं असतं तर पिंपळगावं आणि वडगावं इतकी आहेत की सगळीकडे झाडंच झाली असती, आणि चिंचवडला एका ढालीत दोन बसवावी लागली असती.

हिर्शहॉर्नच्या किल्ल्याच्या भिंतीवरून खाली नदीचा वळसा दिसतो, तिथे बसून डबा उघडला कारण खाली गावात एक कॅफे सोडून सगळं बंद आणि त्या कॅफेत बाहेरपर्यंत रांग. पुऱ्या गार झालेल्या पण अशा लागल्या म्हणून सांगू. शेजारच्या बाकावरचं म्हातारं जोडपं टक लावून बघत होतं, वहिनीने त्यांनाही एकेक दिली. आजोबा गप्पिष्ट निघाले. मी शिंगाबद्दल विचारलं तर म्हणाले हिर्शहॉर्नचे सरदार १६३२ मध्ये निर्वंश झाले आणि गाव माइन्झच्या आर्चबिशपकडे गेलं, तुम्ही चाक बघितलं का कुठे? सहा आऱ्यांचं, लालवर चंदेरी? ते दिसलं की समजायचं इथे कधीतरी माइन्झचं राज्य होतं. थेट एर्फुर्टपर्यंत जा, तिथेही तेच चाक.

चाकाची दंतकथा मी आधी वाचलेली होती, पण आजोबांनी सांगितली त्याची मजा वेगळी. हजार वर्षांपूर्वी माइन्झला विलिगिस नावाचा आर्चबिशप होता, मुळात चाकं बनवणाऱ्या सुताराचा मुलगा. मोठ्या घरातल्या पाद्र्यांना हे सहन होईना, त्यांनी त्याच्या महालाच्या भिंतीवर खडूने चाकं काढून ठेवली, की विलिगिस, कुठून आलास ते विसरू नको. तो चिडला नाही, त्याने तेच चाक आपलं चिन्ह करून टाकलं. गोष्ट झकास आहे, पण विलिगिस १०११ मध्ये गेला आणि ढालींवर चिन्हं काढायची पद्धत आली बाराव्या शतकात, त्यामुळे गोष्ट मागाहून चिकटवलेली. आजोबांना हे माहीत होतं. "पण मुलांना आम्ही तीच सांगतो," म्हणाले.

त्यानंतर आमचा खेळच सुरू झाला. काळ्यावर सोनेरी सिंह म्हणजे कुरफाल्झ, हायडेलबर्गच्या गादीवरचे. निळे-पांढरे तिरके शंकरपाळे म्हणजे विटल्सबाख घराणं, बव्हेरियावाले, तेही त्यांना लग्नातून आणि वारशातून एका दुसऱ्या घराण्याकडून मिळालेले. सोनेरीवर लाल तिरका पट्टा म्हणजे बाडन, पिवळ्यावर एकाखाली एक तीन काळी शिंगं म्हणजे व्युर्टेम्बर्ग. एवढं पाठ असलं की गावाची ढाल म्हणजे सातबारा, कोणाकोणाच्या नावावर होतं ते सगळं दिसतं. नऊ वर्षं इथे राहून दादाच्या लक्षात एकही आली नव्हती, आणि आता तोच पार्क केलेल्या गाड्यांवरचे स्टिकर वाकून वाकून बघत होता.

शेवटी एबरबाख. एबर म्हणजे रानडुकरातला नर, बाख म्हणजे ओढा. ढालीवर काळं रानडुक्कर आणि त्याच्या पायाखाली निळ्या लाटा. एवढं सरळ! मी त्या डुकरासमोर पाच मिनिटं उभी होते. पाठीवरचे केस कंगव्याच्या दातांसारखे ताठ, सुळा वर वळलेला, शेपटीची गाठ, आणि चेहऱ्यावर भाव असा की लाट बीट काही नाही, मी चाललोय, बाजूला व्हा. शाही सिंहांपेक्षा हे शंभर पटीने जिवंत वाटतं मला. हे गाव आधी थेट बादशहाचं होतं, १३३० मध्ये कुरफाल्झकडे गहाण पडलं आणि गहाणातून काही सुटलं नाही. तरी ढालीवर सिंह नाही, डुक्करच.

आता थोडा विरस. मला वाटायचं हे सगळं मध्ययुगातलं. शहरांचं बरंचसं आहेही. पण लहान खेड्यांकडे फार तर एक शिक्का असायचा, त्यावर नांगराचा फाळ किंवा नुसती अक्षरं. बाडनमधल्या खेड्यांना ढाली मिळाल्या त्या १९०० च्या आगेमागे, कार्ल्सरूहच्या सरकारी दफ्तरखान्याने जुने शिक्के, जुने मालक, गावाचं नाव असं बघून एकेका गावाला चित्र सुचवलं. म्हणजे बाराशे सालचं वाटणारं चित्र एखाद्या कारकुनाने टेबलावर बसून ठरवलेलं. आणि १९७० च्या दशकात गावांची विलीनीकरणं झाली, एकट्या बाडन-व्युर्टेम्बर्गमध्ये ३,३७९ ची १,१११ झाली, तेव्हा कित्येक ढाली कायद्याने संपल्या आणि नव्या आल्या. या नव्या मला बहुतेक आवडत नाहीत. चार गावं एक झाली की चार खाने, यात तुझं झाड, त्यात माझं चाक, भावाभावांच्या वाटणीपत्रासारखं. नाहीतर मग नुसती लाट आणि पान. अपवाद म्युनिकजवळच्या गार्खिंगचा. तिथे १९५७ मध्ये जर्मनीतली पहिली संशोधन अणुभट्टी सुरू झाली, तिचा घुमट अंड्यासारखा, लोक तिला अणुअंडंच म्हणतात, तर या लोकांनी ते अंडं सरळ गावाच्या ढालीवर घेतलं. याला म्हणतात धाडस.

आणि कोबुर्गची गोष्ट तर ऐकाच. तिथल्या ढालीवर संत मॉरिसचं डोकं आहे, काळ्या माणसाचं. नाझींना ते कसं चालेल, १९३४ मध्ये काढून त्याजागी तलवार आणली आणि तलवारीच्या मुठीवर स्वस्तिक. १९४५ ला राजवट पडली आणि मॉरिस परत आला. आजही त्या डोक्यावरून वाद होतो, वेगळ्या कारणाने, की असं एका वंशाचं चित्र काढणं बरं दिसतं का. मला दोन्ही बाजू पटतात आणि मग मी गप्प बसते.

दुसऱ्या दिवशी शनिवार, दादा म्हणाला जुन्या बाजारात जाऊ, तिथे जुन्या पुस्तकांच्या खोक्यात एक चोपडी सापडली. काफे हाग म्हणून ब्रेमेनची कॉफी कंपनी, कॅफिन काढलेली कॉफी विकणारी, ती शंभर वर्षांपूर्वी गावांच्या ढालींची छोटी चित्रं गोळा करायला द्यायची. चिकटवायला अल्बम. चित्रं काढली ओटो हुप या माणसाने, ज्याने म्युनिकच्या श्पाटन बिअरचा फावड्याचा लोगोही १८८४ मध्ये केलेला. हजारो गावांच्या ढाली याच माणसाच्या हातच्या रेषेत लोकांच्या घरात गेल्या, कॉफीच्या डब्यातून. बारा युरो सांगितले, दादाने घासाघीस करून नऊला आणली, जर्मनीत घासाघीस करायला त्याला लाज वाटत नाही याचा मला अभिमान वाटला.

घरी येऊन आधी एबरबाखचं पान काढलं. चौकट होती, खाली नाव छापलेलं होतं, चित्रच नव्हतं. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी कोणाला तरी ते एकच मिळालं नसणार, बाकी पान भरलेलं. आम्ही हळहळतोय तोवर भाचेबुवा कंपासपेटी घेऊन आले आणि त्या चौकटीत काळ्या स्केचपेनने डुक्कर काढायला बसलेसुद्धा. दादा ओरडला, "अरे जुनी वस्तू आहे ती, किंमत जाईल!" तर हा मान वर न करता विचारतो, "आत्या, तोंड कुणीकडे, धरणाऱ्याच्या उजवीकडे का?"