पोशाख आधी पुस्तकात शोधावा

मुलांच्या वेशभूषेसाठी एखाद्या गोष्टीतले पात्र ठरले की बहुतेक घरांत पहिली धाव विकतच्या तयार पोशाखाकडे जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, कापड, कात्री किंवा दुकान यांपैकी कशाकडेही वळण्याआधी मूळ पुस्तक उघडावे आणि त्या पात्राने काय घातले आहे, हातात काय धरले आहे, हे सांगणारी वाक्ये मुलाला जवळ बसवून मोठ्याने वाचावीत. तयार पोशाख बहुधा चित्रपटांवरून बेतलेले असतात. पुस्तकातला पोशाख पुष्कळदा त्याहून साधा आणि घरी करायला सोपा असतो, आणि त्यामागे गोष्ट असल्यामुळे मुलालाही तो आपलासा वाटतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे पिनोकियो. कार्लो कोलोदी यांची ही गोष्ट १८८१ पासून मुलांच्या एका इटालियन साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली आणि १८८३ मध्ये तिचे पुस्तक झाले. त्यातल्या जेपेत्तोजवळ पैसे अजिबात नसतात, म्हणून तो आपल्या लाकडी पोरासाठी फुलाफुलांच्या कागदाचे कपडे, झाडाच्या सालीचे बूट आणि पावाच्या मऊ गराची टोपी तयार करतो. पिनोकियो पाण्याने भरलेल्या भांड्यात स्वतःचे रूप न्याहाळतो आणि आपण अगदी सभ्य गृहस्थ दिसतो, असे म्हणून हरखून जातो. पुढे शाळेसाठी अंकलिपी हवी असते, तेव्हा जेपेत्तो बाहेर जातो आणि अंगातला एकुलता एक कोट विकून, बर्फ पडत असताना नुसत्या सदऱ्यावर, पुस्तक घेऊन परत येतो. ही पाने वाचून झाल्यावर पिनोकियो व्हायला निघालेल्या मुलाला लाल चड्डी आणि पिवळी टोपी या चित्रपटातल्या पोशाखाची गरज उरत नाही. त्याला कागद हवा असतो, आणि हातात धरायला एक अंकलिपी.

नुसता कागद काखेत आणि बसताना फाटतो, म्हणून जुन्या सुती सदऱ्यावर फुलांचा वेष्टनाचा कागद मोठाल्या तुकड्यांत धावदोऱ्याने टाचावा आणि काखेचा भाग मोकळा सोडावा. सालीच्या बुटांसाठी तपकिरी कागद पुन्हा पुन्हा चुरगळून सरळ करावा, म्हणजे त्यावर सालीसारख्या रेषा उमटतात. तो मुलाच्या नेहमीच्या बुटांवरून सुतळीने बांधावा, मात्र तळवा उघडा ठेवावा, नाहीतर पाय घसरतो. टोपी फिकट रंगाच्या फेल्टची, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाची, करावी. नाकाचा मोह फार लांबवू नये. लांब शंकू इलॅस्टिकने बांधला की मुलाला नीट बोलता येत नाही, आणि पुस्तकात खोटे बोलल्यावर पिनोकियोचे नाक वाढण्याचे प्रसंग थोडेच आहेत. नाकाच्या शेंड्यावर रंगाचा एक गोल ठिपका पुरतो.

एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या ओझच्या गोष्टीतली डोरोथी अशीच वाचून पाहावी. तिचा झगा निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा आहे हे पुष्कळांना माहीत असते. पण तो धुऊन धुऊन थोडा विटलेला आहे, असेही लेखकाने सांगितले आहे. म्हणजे थोरल्या बहिणीचा, धुवून मऊ झालेला चौकड्यांचा फ्रॉक हा तडजोडीचा पोशाख न राहता अगदी अचूक पोशाख ठरतो. डोक्याला गुलाबी सनबॉनेट, म्हणजे उन्हासाठीची हनुवटीखाली बांधायची टोपी, आणि हातात पांढऱ्या कापडाने झाकलेली पावाची टोपली, एवढे झाले की डोरोथी प्रवासाला निघू शकते. तिचे जादूचे बूट पुस्तकात रुपेरी आहेत. लाल माणकांचे बूट १९३९ च्या रंगीत चित्रपटाने आणले. मुलाने कोणते निवडावे यावर माझा हट्ट नाही, परंतु दोन्ही त्याला माहीत असावेत आणि निवड त्याने करावी.

लाल टोपीवालीच्या बाबतीतही मुलांना निवडीला जागा आहे. शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये आणि ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये ही गोष्ट आपापल्या संग्रहात छापली. ग्रिम यांच्या कथेत आजीने नातीला दिलेली वस्तू लाल मखमलीची छोटीशी टोपी आहे. जमिनीवर लोळणारा लांब झगा शिवण्यापेक्षा अशी टोपी शिवणे सोपे, आणि ती घालून मूल धावूही शकते. झगाच हवा असेल तर तो घोट्याच्या बराच वर संपावा आणि गळ्याशी नाडीची गाठ मारू नये. तिथे वेल्क्रो लावावा, म्हणजे झगा कुठे अडकला तरी ओढ बसताच सुटून येईल. ज्या मुलाला लांडगा व्हायचे असेल त्याला मनापासून होऊ द्यावे. फक्त मुखवट्याने त्याचे डोळे आणि श्वास कोंडू नयेत. पुठ्ठ्याचे तोंड कपाळाच्या वर टोपीसारखे बसवावे आणि चेहऱ्यावर रंगाच्या चार रेषा ओढाव्यात. तो रंग आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा.

लुईस कॅरल यांच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’मधल्या ॲलिसबद्दल मात्र शब्दांतून फारसे हाती लागत नाही. १८६५ च्या पुस्तकातली तिची ओळखीची मूर्ती जॉन टेनिअल यांच्या कृष्णधवल चित्रांतून आली, आणि १८९० च्या लहान मुलांसाठीच्या रंगीत आवृत्तीत तिचा फ्रॉक चक्क पिवळा आहे. घरात पिवळा फ्रॉक असेल तर तिच्या नेहमी दिसणाऱ्या निळ्या फ्रॉकसाठी धावाधाव करण्याचे कारण नाही. वर पांढरा एप्रन चढवावा आणि त्याच्या खिशात एक छोटी बाटली ठेवावी.

पीटर रॅबिटचे काम तर याहूनही थोडे आहे. बीट्रिक्स पॉटर यांच्या १९०२ सालच्या पुस्तकात त्याला पितळी बटणांचे निळे जाकीट आहे, आणि पळताना त्याचा एक बूट कोबीत तर दुसरा बटाट्यांत हरवतो. अगदी लहान मुलाला, ज्याला डोक्यावरचे काहीही क्षणभर सहन होत नाही, त्याला मी हेच पात्र सुचवते. जाकीट, अनवाणी पाय आणि मागे कापसाचा गोळा, एवढ्याने ससा ओळखू येतो. कान राहिले तर उत्तम, त्याने ते काढून फेकले तरी चालते.

पीटर पॅनला तर जे. एम. बॅरी यांनी १९११ च्या कादंबरीत जाळीदार सुकलेली पाने नेसवली आहेत. अशी पाने मुलाबरोबर गोळा करून, वहीत दाबून, सदऱ्यावर टाके घालून लावण्यात दोन-तीन संध्याकाळी सहज जातात, आणि मला तर वेशभूषेचा हाच भाग प्रत्यक्ष समारंभापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

पोशाख कोणताही असो, आत सुती बनियन असावे, कारण जरीची किनार आणि नायलॉनची जाळी अंगाला टोचते. अशी जाळी ज्योतीजवळ झपाट्याने पेट घेते, तेव्हा मेणबत्त्या किंवा दिवे असतील तिथे ती वापरूच नये. आदल्या दिवशी सगळा पोशाख चढवून मुलाला जिना चढायला, खाली मांडी घालून बसायला, पाणी प्यायला आणि एकट्याने स्वच्छतागृहात जाऊन यायला सांगावे. जे आड येईल ते त्याच संध्याकाळी उसवून काढावे, मग ते कितीही मेहनतीने शिवलेले असो.