टाळ थांबेपर्यंत

नीरेचा पूल ओलांडून पालखी पाडेगावच्या हद्दीत आली, म्हणजे सातारा जिल्ह्यात शिरली, तेव्हा मी आमच्या शेजारच्या अण्णांच्या दिंडीत, सर्वांत मागच्या रांगेत चालत होतो. मी ख्रिस्ती आहे. साताऱ्यात जन्मलो, तिथल्याच मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला. ज्ञानेश्वर माऊलींच्या वारीत चालण्याचा प्रसंग पन्नाशी उलटल्यावर आला, आणि खरे सांगायचे तर तो भक्तीमुळे नव्हे, रागामुळे आला.

ज्या कारखान्यात मी तेवीस वर्षे काढली, तिथला आमचा विभाग बंद झाला आणि कमी करायच्या माणसांची यादी लागली. ती यादी ज्याने तयार केली, त्याला मीच हाताला धरून काम शिकवले होते. आमची जेवणाची डबी एकाच टेबलावर उघडायची. त्या यादीत माझे नाव तिसरे होते. पुढे एका छोट्या गोदामात निम्म्याहून कमी पगारावर काम मिळाले, घर कसेबसे सावरले, पण राग काही सावरला नाही. पहाटे जाग आली की पहिला विचार त्याचाच येई. वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे प्रभूने सांगितले आहे. ते वचन लहानपणापासून पाठ असल्यामुळे मी तीन महिने चर्चमधले प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेतले नव्हते. समेट करायची इच्छा नव्हती आणि खोटेपणाने भाकर तोडण्याचे धाडसही नव्हते. शेवटी पत्नीच म्हणाली, “अहो, अण्णांबरोबर चार दिवस चालून तरी या. घरात बसून तुम्ही फक्त त्या माणसाशी भांडता आहात, आणि तो तर इथे नाहीच.”

माझ्यासारख्याने तिथे जावे का, हा प्रश्न मंडळीतल्या एकदोघांनी विचारला. त्यावर मला मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळक आठवले. नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात आले आणि तिथे त्यांनी देवाचा दरबार हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा सुरू केला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. मी त्यांच्या नखाचीही सर नसलेला माणूस. पण पूल आहे म्हटल्यावर त्यावर चार पावले टाकायला हरकत नसावी, असे मी मनाशी ठरवले. आरतीच्या वेळी मी बाजूला उभा राहीन, हे अण्णांना आधीच सांगितले होते. ते म्हणाले, “उभं तर ऱ्हावा. बाकीचं तुमचं तुमी बघा.”

लोणंदच्या तळावर संध्याकाळी समाज आरती झाली. या पालखी सोहळ्याला १८३२ च्या सुमारास शिस्त लावली ती आमच्याच जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी. आधी शिंद्यांच्या पदरी सरदार असलेला माणूस. त्यामुळे तळावरची मांडणी, कर्णा आणि दंड घेऊन शिस्त राखणारे चोपदार यांत लष्करी छावणीची खूण दिसते. दिंड्या तळावर येऊन पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार दंड उंचावतो आणि तो सारा आवाज एका क्षणात थांबतो. हे ऐकून मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते पुढचे. सगळे शांत झाले तरी दूरच्या एका दिंडीतले टाळ वाजतच राहिले. मला वाटले, त्यांना इशारा दिसला नसावा. अण्णा हळूच म्हणाले, “त्यांची तक्रार हाय.” ज्या दिंडीला काही गाऱ्हाणे असेल, ती टाळ थांबवत नाही. चोपदार तिच्यापाशी चालत जातो, काय झाले ते ऐकून घेतो, आणि मगच ते टाळ थांबतात. तोवर हजारो माणसे, दिवसभर चालून पाय मोडलेली, एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी तिष्ठत उभी राहतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची आणि उद्याच्या निघण्याच्या वेळेची घोषणा होते, आणि मग आरती.

मी तिथे बाजूला उभा होतो आणि माझे डोळे भरून आले. कितीतरी महिने माझा टाळ वाजत होता आणि मी तो लोकांना ऐकवत होतो: पत्नीला, मुलाला, चहाच्या टपरीवर, चर्चच्या पायऱ्यांवर. ज्याने तो ऐकायला हवा, त्याच्यापुढे मात्र मी नीटनेटक्या, इस्त्री केलेल्या प्रार्थना ठेवत होतो. तुम्ही रागावला असताना सूर्य मावळू नये, असे पौलाने इफिसकरांना लिहिले. त्या वचनाचा अर्थ मी नेहमी ‘राग गिळून टाका’ असाच घेत आलो होतो. पण गिळलेला राग रात्रभर पोटात जागाच राहतो. त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, तो योग्य ठिकाणी मांडावा, असाही त्याचा अर्थ असू शकतो हे मला त्या तळावर कळले. गुहेत लपलेल्या दाविदाचे म्हणून जे १४२ वे स्तोत्र दिले आहे, त्यात तो देवापुढे आपले गाऱ्हाणे ओततो. तो सुरुवात स्तुतीने करत नाही.

त्या रात्री राहुट्यांच्या पलीकडे, एका बांधावर बसून मी देवाला सगळे सांगितले, नाव घेऊन आणि शब्द न सुधारता. सांगता सांगता एक गोष्ट तोंडून निघाली, जी मी आजवर कोणालाच बोललो नव्हतो: त्याच्या जागी मी असतो, तर मीही बहुधा तीच यादी केली असती.

लोणंदचा मुक्काम हलला त्या दिवशी राहुट्या उतरवून ट्रक आमच्या आधी निघून गेला. चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण पाहून तरडगावकडे चालताना मी अण्णांना दोनदा विचारले, आज झोपायचे कुठे. नव्या नोकरीपासून मला ही खोड लागली आहे. पुढच्या महिन्याचा हिशेब मी या महिन्यात चारदा करतो. अण्णा म्हणाले, “ट्रक फुडं गेलाय न्हवं? जागा धरली असंल त्यांनी. तुमी चालायचं बघा.” बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना जवळजवळ हेच सांगतो. रात्री अग्नीत आणि दिवसा मेघात असलेला देव तुमचे तळ देण्याची जागा शोधायला तुमच्यापुढे चालत होता, तरी तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, असे तो म्हणतो. तो बोलतो आहे ते सुखवस्तू माणसांशी नव्हे, तर रोज तंबू उपटणाऱ्यांशी. तरडगावला पोचलो तेव्हा आमच्या राहुट्या उभ्या होत्या आणि पिठल्याचा वास येत होता. चिखल मात्र घोटाभर होता, हेही सांगितले पाहिजे.

राग त्या बांधावरच कायमचा राहिला असेल, असे मला वाटले होते. तसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी काळज मागे टाकून निंभोऱ्याकडे जाताना टाचेचा फोड फुटला, आणि का कोण जाणे, त्या यादीतले तिसरे नाव पुन्हा डोळ्यांसमोर आले. सत्तर वेळा सात क्षमा करावी, हे पेत्राला सांगितलेले गणित मी नेहमी वेगवेगळ्या अपराधांचे समजत होतो. फलटणपर्यंत एकाच अपराधाची मी किमान पाच वेळा क्षमा केली, दर वेळी मागच्यापेक्षा थोड्या कमी वेळात.

फलटणला अण्णांच्या पाया पडू लागलो, तर तेच आधी वाकले आणि “माऊली” म्हणाले. एसटी स्टँडवर साताऱ्याच्या गाडीला अवकाश होता. मी त्या मित्राला फोन लावला. पहिल्यांदा त्याने उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, पण बराच वेळ कोणीच बोलेना. मग मी म्हणालो की फलटणला आहे, वारीत चालत आलो. “तू?” तो म्हणाला, आणि थोडे थांबून विचारले, “पाऊस हाय का तिकडं?”

मी सांगितले, की आहे, पण अंगावर घेण्याजोगा आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर दुपारी घरी आहेस का, असे मी विचारले. तो हो म्हणाला, आणि तेवढ्यात गाडी लागली.