लाल ई-टाइपची फाइल

जुनी स्पोर्ट्‌स कार विकायला निघाली की जाहिरातीत सर्वांत आधी झळकतं ते ‘मॅचिंग नंबर्स’. चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी यांचे नंबर कारखान्यातून निघताना होते तेच आजही आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या १९६२च्या जॅग्वार ई-टाइपचे चारही जुळतात, आणि त्याचा मला आनंद आहेच. पण मधल्या साठ वर्षांत ही गाडी कुणी चालवली, कुणी काय बदललं, हे त्या नंबरांतून कळत नाही. त्यासाठी मी गाडीच्या इतिहासाची फाइल करते आहे आणि तिच्यात माझा जीव गुंतला आहे.

शिवाय नंबरसुद्धा तपासून घ्यावे लागतात. ई-टाइपचा मधला-मागचा सांगाडा मोनोकॉक, म्हणजे वेगळी फ्रेम नसलेला अखंड पत्र्याचा, पण इंजिन बसतं पुढच्या नळ्यांच्या फ्रेमवर आणि ती फ्रेम बोल्टनी जोडलेली असते. चेसिस नंबर नेमका तिच्यावरच ठोकलेला. समोरून अपघात झाला, गॅरेजने फ्रेम बदलली, की मूळ नंबर भंगारात. नव्या फ्रेमवर कुणीतरी तोच नंबर हाताने ठोकायचं. त्यात दर वेळी लबाडी असते असं नाही; त्या काळी ती एक साधी दुरुस्ती होती. म्हणून आकड्यांची उंची, त्यांची ओळ, भोवतीचा धातू घासलाय का, हे सगळं मी टॉर्च लावून बघते आणि फोटो काढून ठेवते. इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडावर, असतो तसा त्यावरच्या हेडवरही असतो. दोन्ही वेगळे निघाले तर हेड किंवा ब्लॉक बदललाय. तीही नोंदच.

जन्माचा दाखला मिळतो जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून. कारखान्याच्या मूळ नोंदवह्यांवरून ते प्रमाणपत्र देतात: गाडी कधी तयार झाली, कधी रवाना झाली, कोणत्या वितरकाकडे गेली, रंग कोणता, आतलं लेदर कोणतं. पहिल्या मालकाचं नाव कधी असतं, कधी नसतं. उजव्या स्टीअरिंगच्या ई-टाइप कूपेंची, म्हणजे बंद छताच्या गाड्यांची, चेसिस नंबरांची मालिका ८६०००१पासून सुरू झाली. आमची त्यातलीच एक. प्रमाणपत्रावर तिचा रंग ओपलेसंट सिल्व्हर ग्रे. आज ती लाल आहे. त्याकडे येतेच.

फाइलमधला माझा सर्वांत लाडका कागद म्हणजे जुनं लॉगबुक. ब्रिटनमध्ये तेव्हा गाड्यांची नोंदणी स्थानिक कौन्सिलकडे असायची. मालक बदलला की त्याच पुस्तिकेत नवं नाव, पत्ता आणि शिक्का. पुढे १९७४मध्ये कारभार वेल्समधल्या स्वॉन्झीच्या केंद्रीय कार्यालयात एकवटला आणि कौन्सिलांच्या कितीतरी वह्या नष्ट झाल्या. काही काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्यांच्या) अभिलेखागारांत शिल्लक आहेत, तिथे विचारायलाच हवं. आजच्या व्ही५सी, म्हणजे ब्रिटनमधल्या वाहन नोंदणीच्या, कागदाबद्दलही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: त्यावरचं नाव नोंदणीकृत ‘कीपर’चं, म्हणजे गाडी बाळगणाऱ्याचं, असतं, मालकीचा तो पुरावा नाही. हे त्या कागदावरच छापलेलं असतं. मालकी दाखवायची तर खरेदीची पावती लागते. म्हणून जुनी चुरगळलेली पावती मी प्लास्टिकच्या कव्हरात जपते.

आमच्या गाडीच्या कागदांत सत्तरच्या दशकातली काही वर्षं कोरी आहेत. एका जाणकाराने सुचवलं, ‘गॅरेजमध्ये उभी होती असं लिहून टाका, सगळे तसंच लिहितात.’ मला ते पटत नाही. त्या पानावर फक्त साल आहे आणि खाली मोकळी जागा. कोरं पान प्रामाणिक असतं, आणि उद्या एखादं बिल सापडलं तर त्याला बसायला जागा राहते.

सलग इतिहासाला किती वजन असतं, हे बेंटलीच्या ‘ओल्ड नंबर वन’च्या खटल्यात दिसलं. १९२९ आणि १९३०ची फ्रान्समधली ल मां शर्यत जिंकलेली ही गाडी पुढे इतकी बदलली की मूळचं फारसं काही उरलं नव्हतं. एक कोटी पौंडांचा सौदा ठरला, मग ही ती गाडीच नव्हे म्हणून खरेदीदार मागे फिरला. १९९०मध्ये लंडनच्या न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला, की गाडी बदलत गेली, पण तिचं अस्तित्व मध्ये कुठेही तुटलेलं नाही. खरेदीदाराला सौदा पाळावा लागला.

आता लाल रंग. लॉगबुकातल्या दुसऱ्या मालकाच्या मुलीशी पत्रव्यवहार जमला. तिने पाठवलेल्या फोटोत गाडी लालच आहे आणि मागे वडिलांच्या अक्षरात ‘१९६८, नवा रंग’. म्हणजे ही गाडी राखाडी होती सहा वर्षं, लाल पन्नासहून जास्त. यंदा रंगकाम करायचं आहे. मूळ रंगच द्या, असा आग्रह बरेच जण करताहेत. मी लाल ठेवायचं ठरवलं आहे. मात्र रंग खरवडण्याआधी डॅशबोर्डमागे आणि ट्रिमखाली राखाडी कुठे टिकलाय ते शोधून, बाजूला रंगपट्टी ठेवून फोटो काढायचे, आणि एवढासा तुकडा तसाच झाकून ठेवायचा. जागा कोणती, ते फाइलमध्ये लिहीन. पुढच्या मालकाला गाडी परत राखाडी करायची असेल, तर नमुना तिथेच मिळेल.