मागचं कोण बघणार?

मुंबईत दुचाकीच्या आरशांचे उपयोग पुष्कळ. सिग्नलला केस सारखे करायचे, गाडी लावली की दांडीवर हेल्मेट अडकवायचं, आणि दोन टॅक्स्यांच्या फटीतून घुसायचं असेल तेव्हा आरसे आत दुमडून घ्यायचे. मागचं बघणं हा उपयोग बराच खाली येतो. डावा आरसा तर कित्येकांच्या गाडीला नसतोच. शोरूममधून आला, एका पावसाळ्यात ढिला झाला, पडला, विषय संपला.

त्यामुळे मागचं दाखवणारं हेल्मेट असतं हे कळल्यावर मला आधी हसू आलं आणि मग हेवा वाटला. रीवू नावाच्या ब्रिटिश कंपनीने ते बनवलं. पाणबुडीच्या पेरिस्कोपचंच तत्त्व. हेल्मेटच्या मागे एक खिडकी, तिथून आत आलेलं दृश्य आतल्या आरशांवरून उसळी घेत डोक्यावरून पुढे येतं आणि कपाळापाशी, वरच्या कडेला, छोट्या पट्टीत दिसतं. बॅटरी नाही, वायर नाही. आरसे काचेचे नसून पॉलिकार्बोनेटचे आहेत हे वाचून बरं वाटलं, नाहीतर गाडीवरून पडलं की डोक्याला टाके आणि डोक्यात काचा.

कल्पना वेडगळ वाटते, पण जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर रोज स्कूटर चालवणाऱ्या बाईला ती लगेच पटते. माझ्या उजव्या आरशाचा निम्मा भाग माझंच कोपर व्यापतं. जून ते सप्टेंबर त्या जागी रेनकोटची फुगलेली बाही. उरलेल्या निम्म्यात जे दिसतं ते खड्ड्यांमुळे असं थरथरतं, की मागे रिक्षा आहे का टेम्पो हे रंगावरून ओळखावं लागतं. शिवाय आरशात बघायचं म्हणजे नजर रस्त्यावरून काढून खाली आणि बाजूला न्यायची, तेवढ्यात पुढचा ब्रेक मारतो. नुसती भुवई उंचावून मागचं दिसलं तर कोणाला नको आहे?

मग या खेळात कॅमेरे उतरले. स्कली नावाच्या अमेरिकन कंपनीने मागे कॅमेरा आणि डोळ्यासमोर इवलासा पडदा असलेलं हेल्मेट जाहीर केलं आणि 2014 साली लोकांकडून आगाऊ सुमारे 24 लाख डॉलर गोळा केले. एका हेल्मेटची किंमत 1,499 डॉलर. तेवढ्या पैशात आपल्याकडे तेव्हा अख्खी मोटारसायकल आली असती. 2016 मध्ये कंपनी बुडाली आणि पैसे भरलेले बरेच जण बोडक्या डोक्याने वाट बघत राहिले. पुढचं दिसलं नाही म्हणायचं, दुसरं काय.

पण खरी गंमत वेगळीच आहे. हे हेल्मेट असं धरून चालतं, की मागचं बघणं ही पुढच्याची जबाबदारी. आपल्याकडचा अलिखित करार बरोबर उलटा. पुढच्याने पुढे बघायचं. मागच्याला काही म्हणायचं असेल तर त्याने हॉर्न वाजवायचा. ट्रकवाले हा करार मागे रंगवूनच हिंडायचे: हॉर्न ओके प्लीज. आवाजाचं प्रदूषण वाढतं म्हणून महाराष्ट्राने 2015 मध्ये या पाटीवर बंदी आणली. पाटी गेली, करार राहिला. मुंबईकर मागचं डोळ्यांनी बघत नाही, कानांनी बघतो. किरटा, सलग वाजणारा हॉर्न म्हणजे डिलिव्हरीवाला, तो डावीकडून जाणार. भसाडा आणि वैतागलेला म्हणजे डंपर, त्याला जाऊ द्यावं. धडधडत्या इंजिनाची ऊब पाठीला लागली की बेस्टची बस आली.

ज्या रस्त्यांवर मागून गाड्या सुसाट येतात, तिथे आम्हाला प्रवेशच नाही. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू, अगदी जेजे उड्डाणपूलसुद्धा दुचाकीला बंद. आमच्या वाट्याला उरतात एलबीएस मार्गासारखे रस्ते, जिथे सगळे एकमेकांना खेटून चालतात. तिथे कान पुरायचे.

कानांनी भागत नसेल तर मागे माणूस बसवायचा. माझी आत्या बसते. "थांब गं, बस आलीय," "आता घाल," असं तिचं चालू असतं. अडचण एवढीच, की ती साडीत, एका बाजूला पाय टाकून बसते, म्हणजे तोंड कायम डावीकडे. उजवीकडून येणारं जग तिच्या हद्दीत येतच नाही. जून 2022 पासून मुंबईत मागच्यालाही हेल्मेटची सक्ती कडक झाली, तेव्हापासून तिच्या सूचना माझ्यापर्यंत फक्त "हूं हूं हूं" अशा पोचतात. थांब की घाल, हे मीच ठरवते.

आता कानांचंही खरं नाही. बेस्टच्या विजेवर चालणाऱ्या बस आल्या, 2023 पासून त्यात डबलडेकरही. भांडुपला सिग्नलपाशी सवयीने जरा उजवीकडे सरकावं, तर खांद्याला लागून एक अख्खी बस उभी असते. कधी आली, कळत नाही. ना धडधड, ना ऊब. ड्रायव्हर वरून बघत असतो, चेहऱ्यावर शांत, जवळजवळ प्रेमळ भाव. अशा वेळी ते ब्रिटिश हेल्मेट फार आठवतं.

शंका आहेतच. पावसात मागच्या खिडकीवर चिखल उडाला तर पुसायचा कसा, त्यासाठी पाठीला हात नाहीत. स्टेशनबाहेर आरशाला अडकवून गेलं तर संध्याकाळी जागेवर सापडेल का? पण परवडणाऱ्या भावात आणि आयएसआयच्या शिक्क्यासकट मिळालं तर घेईन म्हणते. एकटीने जाताना उपयोगी पडेल. आत्या मागे असली तर त्या पट्टीत फक्त तिचं हेल्मेट दिसेल, तेही डावीकडे बघणारं.