जॉनी कॅशच्या गावी : डायेस, आर्कान्सॉ

अमेरिकेच्या ग्रामीण गाण्यांतून घडलेल्या कंट्री संगीताच्या ओढीनं येणारे बहुतेक जण थेट त्याची राजधानी मानलं जाणारं नॅशव्हिल गाठतात. आम्ही मात्र मेम्फिसहून मिसिसिपी नदी ओलांडली आणि उत्तरेकडे निघालो. तासाभरात डायेस आलं. सपाट रान, कापूस, मधूनच एखादं घर. कंट्री गायक जॉनी कॅशला समजून घ्यायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत झालंय.

मंदीच्या काळात, १९३४ साली, सरकारनं नाडलेल्या शेतकऱ्यांना दलदलीची जमीन देऊन ही वसाहत उभारली. सुमारे पाचशे कुटुंबं. प्रत्येकाला पाच खोल्यांचं घर, वीसेक एकर जमीन आणि एक खेचर, सगळं उधारीवर. प्रवेश फक्त गोऱ्यांना होता, हेही विसरून चालणार नाही. १९३५ मध्ये कॅश कुटुंब इथं आलं तेव्हा जॉनी, म्हणजे घरच्यांचा जे. आर., तीन वर्षांचा होता.

माती विलक्षण चिकट. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. यवतमाळकडच्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटावी. तिच्यामुळे कॅश कुटुंबाच्या घराचा पायाच सरकत होता. आर्कान्सॉ स्टेट युनिव्हर्सिटीनं डागडुजी केली आणि २०१४ मध्ये घर लोकांसाठी खुलं झालं. बैठकीच्या खोलीत आईचा पियानो आहे. लोकांचे कपडे धुऊन तिनं जे. आर.च्या गाण्याच्या शिकवणीचे पैसे जमवले. शिकवणाऱ्या बाईंनी थोड्याच दिवसांत सांगितलं, हा आवाज कुणालाही बदलू देऊ नकोस. त्या बाईंचे उपकार मानावे तेवढे थोडे.

१९४४ मध्ये जे. आर.हून मोठा भाऊ जॅक शाळेच्या कार्यशाळेत करवतीवर कापला गेला आणि आठवड्याभरानं वारला. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी सगळं घर पुन्हा कापसाच्या निंदणीला. शेती थांबत नाही. पुढे जे. आर.च्या आवाजात जो भार आला, तो मला इथलाच वाटतो.

परतीच्या वाटेवर मेम्फिसला सन स्टुडिओत थांबलो. १९५५ साली इथूनच त्याची पहिली तबकडी निघाली. साथीला मोटार दुरुस्त करणारे दोन मेकॅनिक, एक खर्जातल्या बास या तंतुवाद्यावर, एक इलेक्ट्रिक गिटारवर. ढोल नव्हताच. कॅशनं गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवला आणि धावत्या आगगाडीसारखा खडखडता ठेका मिळवला. साधनं कमी पडली म्हणून हे सुचलं, पण त्याची ओळख त्यातूनच घडली.

१३ जानेवारी १९६८ ला कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात तो कैद्यांसमोर गायला आणि व्यसनांनी खिळखिळी झालेली त्याची कारकीर्द पुन्हा उभी राहिली. त्यानं स्वतः तुरुंगवास भोगला होता असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात कोठडीत काढलेल्या काही रात्री, एवढंच. तरी कैद्यांशी तो बरोबरीनं बोलला. डायेस पाहिल्यावर त्याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

जाणार असाल तर आधी वसाहतीच्या जुन्या कचेरीकडे जा. घराची फेरी तिथूनच निघते.