चिवड्याच्या पिशवीचा पुरावा

आमच्या घराण्यात दर पिढीत एक माणूस उशिरा बोलतो आणि मग आयुष्यभर थांबत नाही, अशी आख्यायिका आहे. आजोबांच्या पिढीत धाकटे आजोबा, वडिलांच्या पिढीत आत्या आणि आमच्या पिढीत अस्मादिक. "तीन वर्षांचा होईस्तोवर तोंडातून शब्द नाही, आणि आता गिऱ्हाइकाला बोलू देत नाही," हे आईचं ठरलेलं वाक्य. शनिवार पेठेत आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं. तिथे बोलल्याशिवाय भागत नाही, हेही खरंच.

त्यामुळे चिरंजीव दीड वर्षाचे झाले आणि 'आई', 'बा', 'मम' यांच्यापुढे गाडी सरकेना, तेव्हा घरात कुणालाच काही वाटलं नाही. उलट वारसा चालू राहिला म्हणून थोडं कौतुकच. बूस्टरच्या इंजेक्शनला गेलो तेव्हा बायकोनं डॉक्टरांना विचारलं. ते वजन लिहिता लिहिता म्हणाले, "मुलगे उशिराच बोलतात. तीनपर्यंत वाट बघा." मला हेच ऐकायचं होतं. तिला नव्हतं. पण एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला तीन पिढ्यांचा इतिहास. ती गप्प बसली.

त्यानंतरचे आठ-नऊ महिने मला अजून सलतात.

याला ऐकू येतं का, हा प्रश्न आमच्याकडे निघालाच नाही असं नाही. निघाला आणि पाच मिनिटांत निकालातही लागला. पुरावा होता चिवड्याची पिशवी. स्वयंपाकघरात ती जराशी चुरचुरली की हा हॉलमधून धावत हजर. "कान तिखट आहेत हो त्याचे," आई म्हणायची. शिवाय जन्मल्यावर हॉस्पिटलातच त्याची कानाची तपासणी झाली होती आणि फायलीत 'पास' असं लिहिलेलं होतं. ओएई म्हणतात तिला. कानात छोटं बोंडुक धरतात, काही सेकंदांत होते. आतला कान त्या दिवशी आवाजाला प्रतिसाद देतोय, एवढंच ती सांगते; पुढच्या दोन वर्षांतल्या सर्दीपडशाची हमी देत नाही. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

आणखी एक खूण तर माझ्या डोळ्यांसमोर होती. रविवारी काम असलं की मी त्याला प्रेसवर न्यायचो. मिनी ऑफसेट धडधडतेय, आणि हा कागदाच्या रिमांवर सतरंजी घालून गाढ झोपलेला. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, "बघा, खरा छापखानेवाला!"

उपाय मात्र चालू होते. आई गुटीतलं वेखंड जरा जास्तच वेढे देऊन उगाळायची आणि बोटानं जिभेला लावायची. शेजारच्या काकूंचं मत, जिभेखालचा पडदा कापून घ्या. सासवडहून आत्या पोपटानं टोचलेला पेरू घेऊन आली. पोपटाचं उष्टं खाल्लं की पोर पोपटासारखं बोलतं म्हणे. बायकोनं पेरू उजेडात धरून विचारलं, "हे पोपटाचंच ना? वटवाघळाचं नाही?" आत्या दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. चिरंजीवांनी पेरू आवडीनं खाल्ला आणि मौन पाळलं.

दिवाळीत सोसायटीच्या जिन्यात त्याच्याच वयाची एक मुलगी रडत आजीला सांगत होती, "माझी फुलबाजी विझली." तीन शब्द, शिवाय व्याकरणासकट. त्या रात्री बायकोनं पत्रिकेच्या कटिंगचा एक तुकडा घेतला आणि त्याच्या पाठीवर आमच्या पोराचे सगळे शब्द लिहिले. 'भू', 'ब्रूम', 'टाटा' धरून अकरा भरले. सव्वादोन वर्षांचा मुलगा. दोन वर्षांच्या आसपास साधारण पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी, 'बाबा ये', 'दूध दे' अशी, अपेक्षित असते, हे तिनं वाचलं होतं. रात्री दोनला मला जाग आली तर ती अंधारात फोन घेऊन बसली होती. पडद्यावर 'ऑटिझम' हा शब्द होता.

यावेळी दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो शब्दांबद्दल नव्हताच. "बोट दाखवतो का?"

दाखवतो तर! सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या मुलांना जेसीबीची काय कमतरता. रस्त्यात पिवळं धूड दिसलं की हा बोट करणार, मग मान वळवून माझ्या तोंडाकडे बघणार, मग परत जेसीबी. 'तुम्ही बघितलंत ना?' असंच. त्या म्हणाल्या, हवं म्हणून बोट दाखवणं वेगळं आणि नुसतं तुम्हाला दाखवायचं म्हणून दाखवणं वेगळं. हे दुसरं आहे, ही चांगली गोष्ट आहे. मग ऑटिझमची शंका आहे का हे बघणारा, वीस प्रश्नांचा एम-चॅट नावाचा तक्ता आमच्याकडून भरून घेतला. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी असतो. "हे निदान नाही, चाळणी आहे," हे त्यांनी दोनदा सांगितलं. चाळणीत काही अडकलं नाही. बायकोनं तिथेच डोळे पुसले.

आणि मग बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं: आधी कान. मी चिवड्याची पिशवी सांगितली. त्या हसल्या. "आवाज येणं आणि शब्द नीट कळणं, यात फार अंतर आहे हो."

कानाची तपासणी म्हणजे चिरंजीवांच्या दृष्टीनं जत्रा. हिच्या मांडीवर बसवलं, कोपऱ्यातल्या स्पीकरमधून आवाज आला, त्यानं तिकडे वळून पाहिलं की काळ्या पेटीतलं माकड उजळायचं आणि झांजा वाजवायचं. मोठ्या आवाजाला तो झटकन वळला. आवाज बारीक होत गेला तसा हा माकडाची वाट बघत समोरच बसून राहिला. स्पीकर माझ्या बाजूला होता. मला आवाज येत होता, त्याला नाही, हे मी बघत होतो.

पुढची तपासणी टिंपॅनोमेट्रीची. कानात हवेचा दाब कमी-जास्त करून पडदा हलतो का ते बघतात आणि यंत्रातून आलेख निघतो. कागदावर निदान पर्वतीएवढी तरी टेकडी उमटायला हवी होती. दोन्ही कानांची जवळजवळ सरळ रेघ. पडद्यामागे चिकट पाणी साचलेलं. ना दुखणं, ना ताप, ना बाहेर वाहणं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. कारण, वाढलेले अॅडिनॉइड्स, म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी, आणि बारमाही सर्दी. जिभेखालचा पडदा कानाच्या डॉक्टरांनी दोन सेकंदांत पाहिला आणि सोडून दिला. त्यानं एखादा उच्चार अडेल फार तर, भाषा अडत नाही.

ऐकणं गेलेलं नव्हतं, मंद झालं होतं. म्हणजे काय, हे मला घरी येताना उमगलं. कधी कधी आमच्याकडे फाँटचा घोळ होतो आणि प्रूफ असं निघतं की अनुस्वार गायब, रफार उडालेला, वेलांट्या अर्धवट. भाषा येणारा माणूस ते अंदाजानं वाचून टाकतो. पण ज्याला अजून वाचताच येत नाही, त्याला तुम्ही असल्या प्रूफावरून वाचायला शिकवलंत तर? आमचा मुलगा दीड-दोन वर्षं असल्या प्रूफावरून मराठी शिकत होता. मराठीत तर सगळी गंमत शेवटाला: 'बाबाला', 'बाबाने', 'बाबाचं'. तेच शेपूट आपण सगळे हळू उच्चारतो.

डॉक्टरांनी लगेच कापाकापी काढली नाही. असं पाणी बऱ्याच मुलांचं आपोआप निचरतं, म्हणून तीन महिने थांबून पुन्हा तपासू म्हणाले. पुन्हा वाट बघायचीच होती. पण या वेळी कॅलेंडरवर तारीख होती, कशाची वाट बघतोय ते माहीत होतं, आणि दरम्यान हात बांधून बसायचं नव्हतं.

दरम्यानचं काम म्हणजे स्पीच थेरपी. (निवडताना एक बघा: भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक आहे का. विचारायला लाजू नका.) मला वाटलं होतं, त्या बाई मुलाला शिकवतील. त्यांनी शिकवलं आम्हाला. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुम्ही दोघं याची परीक्षा घेताय." खरंच होतं. हे काय? ते काय? गाय कशी करते? 'बॉल' म्हण, म्हण ना! दहा मिनिटांत मी तेवीस प्रश्न विचारले होते, त्यांनी मोजले.

त्याऐवजी जमिनीवर त्याच्यासमोर बसायचं, त्याला आपलं तोंड दिसेल असं. तो करतोय ते आपण बोलायचं. तो 'ब्रूम' म्हणाला की आपण 'मोठी ब्रूम. ब्रूम गेली'. मग गप्प राहायचं, मनात दहा आकडे मोजून. हे दहा आकडे मोजणं मला सगळ्यात जड गेलं, घराण्याचा दोष. आईला जड गेलं ते वेगळंच. त्यानं नुसतं फ्रिजकडे पाहिलं की दूध हजर व्हायचं, त्याला मागायची वेळच येत नसे. आता हातात केळं आणि चिकू धरून "केळं की चिकू?" विचारून थांबायचं, म्हणजे तिला नातवाला उपाशी मारल्यासारखं वाटे. टीव्ही दिवसभर नुसता चालू असायचा, तो बंद झाला. मंद ऐकणाऱ्याला तो गोंगाट म्हणजे आणखी एक भिंत. प्लेग्रुपच्या बाई म्हणाल्या होत्या, घरी फक्त इंग्लिश बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. थेरपिस्ट म्हणाल्या, दोन भाषांनी बोलणं लांबत नाही, तुम्हाला जी मनापासून येते तीच बोला.

आमच्या मशिनमननं हे सगळं ऐकून विचारलं, "किती पडतात साहेब याचे?" आकडा ऐकून गप्प झाला. त्याचीही मुलगी दोन वर्षांची. त्याला सांगितलं ते इथेही सांगतो: राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं, विकासातला उशीर हा त्यांच्या यादीतला विषय आहे आणि पुढची तपासणी मोफत असते. तपासणीच्या दिवशी आईबापांपैकी कुणीतरी तिथे हजर राहावं आणि आपली शंका तोंडानं सांगावी.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. टेकडी नाहीच. अॅडिनॉइड काढून दोन्ही पडद्यांत ग्रोमेट, म्हणजे हवा जायला बारीकशी नळी, बसवायचं ठरलं. साधारण वर्षभरात ती आपसूक पडते. त्या वेळी डॉक्टरांनी सहज विचारलं, घरात कुणाला कानाचं काही? आई म्हणाली, "छे! ह्याचा तेवढा लहानपणी कान सदा फुटलेला असायचा. लसणीचं तेल सोडायचे मी."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. "तुम्ही फोन कुठल्या कानाला लावता?"

उजव्या. कायम उजव्याच. का, याचा विचार मी कधी केला नव्हता. त्यांनी डाव्या कानात दुर्बीण घातली. पडद्याला जुनं भोक. इतक्या वर्षांनंतर त्याचा माझ्या उशिरा बोलण्याशी संबंध लावता येणार नाही, असं ते स्वच्छ म्हणाले. मी मात्र लावलाय. आई त्या दिवशी रिक्षात एक अक्षर बोलली नाही. तिला काय बोलणार? तिला तरी कुणी सांगितलं होतं?

ग्रोमेट बसवल्यावर दुसऱ्या दिवशी धबधबा सुरू झाला नाही. पहिले दोन आठवडे तो नुसता दचकायचा. कुकरची शिट्टी, मिक्सर, कबुतरांची फडफड. मग हळूहळू कटिंगच्या पाठी भरायला लागल्या. परवा एकशे चाळीसनंतर बायकोनं मोजणं सोडलं. 'क' अजून येत नाही, त्यामुळे समस्त काका 'ताता' आहेत. थेरपी चालू आहे.

गेल्या रविवारी त्याला बऱ्याच दिवसांनी प्रेसवर नेलं. ऑफसेट चालू होती. रिमांवर सतरंजीही घातलेली होती. हा उंबऱ्याशीच थबकला, दोन्ही हात कानांवर दाबले आणि ओरडला, "बाबा, बन्न!"

पाचशे पत्रिकांचं काम अर्ध्यात होतं. मी मशिनमनला हात केला. त्यानं मशीन बंद केली.